मच्छीमारांच्या वागण्यावर संशोधन: बीए अर्थशास्त्रानंतरची वाट

प्रश्न : माझी मुलगी बीए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातले नियम मच्छीमार एकोप्याने का पाळतात आणि का मोडतात, यावर तिला संशोधन करायचंय. सायन्स घेतलं नाही, मग वाट बंद झाली का? – एक आई, देवगड

उत्तर : ताई, वाट मुळीच बंद नाही. सामाईक साधनसंपत्ती लोक मिळून कशी सांभाळतात, या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या मूळच्या राज्यशास्त्राच्या. मुलीने एमएला इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासणं) आणि गेम थिअरी (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचा अभ्यास) हे पेपर सोडू नयेत. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मत्स्य-अर्थशास्त्र शिकवतात, पण अर्ज करण्याआधी तिथली पात्रता नीट वाचा.

खरी कसोटी विचारण्यात आहे. ‘पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीत बोट नेता का?’ असं थेट विचारलं तर सगळे नाहीच म्हणणार. विचारणारी मत्स्य खात्याची वाटते. म्हणून चिठ्ठ्या टाकून मच्छीमारांचे दोन गट करतात. एका गटाला चार साधी विधानं वाचून दाखवायची, दुसऱ्याला तीच चार आणि पाचवं बंदीतल्या मासेमारीचं. कोणती लागू पडतात ते विचारायचं नाही, किती लागू पडतात एवढाच आकडा घ्यायचा. दोन गटांच्या सरासरीत ०.३चा फरक आला, तर साधारण ३० टक्के लोक बंदीत जातात. पन्नास-साठ माणसांवर हा आकडा भरवशाचा नसतो, काहीशे लागतात.

दुसरी चूक वेळेची. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, माणसं घरी सापडतात, म्हणून विद्यार्थी तेव्हाच सर्वेक्षण उरकतात. पण ट्रॉलरवरचे कर्नाटकातले, नेपाळचे खलाशी तेव्हा गावी गेलेले असतात. हाती लागतात मालक आणि तांडेल (बोटीचे प्रमुख), आणि निष्कर्ष मात्र ‘मच्छीमारांचा’ म्हणून छापला जातो. मासळी विकणाऱ्या बायका तर यादीतच नसतात.

तुम्ही देवगडच्या, हे तिचं मोठं भांडवल आहे. पावसाळ्यानंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून मोठं जाळं ओढण्याची मासेमारी, सुरू झाली की एका संघाचे वाटे तिला लिहून काढू द्या: दोर ओढणाऱ्याला किती, होडी-जाळ्याला किती, आजारी पडलेल्याला मिळतो का, आणि वाद झाला तर कोणाचा शब्द चालतो. महिनाभराची अशी वही पीएचडीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलते.