पोरीले सिकल निघाला, आता शिकवून काय करू?

हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द थोडे इकडंतिकडं पण मुद्दा तोच, की मुलगी सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, गावात नुसतं सिकल म्हणतात) वाहक निघाली, आता तिच्या शिक्षणाचं काय आणि लग्नाचं काय. म्हणून एका केसबद्दल लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी बारावी सायन्सची, चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यातली, नर्सिंगला जायचं हे डोक्यात पक्कं. कॉलेजात तपासणी शिबिर झालं, आधी सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि रिपोर्ट आला एएस, म्हणजे वाहक. हा कागद खरं तर एकेकाला बाजूला बोलावून, समजावून सांगून द्यायचा असतो, पण तो वर्गात नावं घेऊन वाचला गेला आणि पोरगी घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली. मला याचा अजूनही राग येतो, कारण त्यानंतर ती आठ-दहा दिवस कॉलेजात गेलीच नाही.

आई तिला माझ्याकडं घेऊन आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पोरीले सिकल निघाला. आता शिकवून काय करू? चार गावात मालूम व्हायच्या आत कुठंतरी उजवून टाकतो." पोरीला अठरा पूर्ण व्हायला अजून काही महिने होते. ती खाली मान घालून फाइलच्या प्लास्टिकला नखानं टोकरत होती. मग एकदाच बोलली, "मी तं अशीच थकते मॅडम, म्हंजे सिकलच असन न."

तर आधी या थकव्याचंच बघू. एएस म्हणजे वाहक, पेशंट नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन जनुकं येतात, दोन्ही सिकलची असली तर एसएस, म्हणजे आजार, ज्यात सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, कावीळ दिसते, दवाखान्यात भरती व्हावं लागतं. एकच असेल तर सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही. मग ही थकते का? हिमोग्लोबिन काढलं तर ९.४. या वयाच्या मुलींत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींत रक्त कमी निघालं होतं, त्यात बहुतेक जणी सिकलच्या वाहकही नाहीत. डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. (एसएस असेल तर मात्र या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.)

लग्नाचं समजवायला मी टेबलात तांदूळ आणि तुरीचे दाणे ठेवते, तूर म्हणजे सिकलचं जनुक, तांदूळ म्हणजे साधं. वाहकाच्या हातात एक तांदूळ एक तूर, बिनवाहकाच्या हातात दोन्ही तांदूळ, आणि प्रत्येकानं बाळाला एकच दाणा द्यायचा. आईला म्हटलं, तुम्हीच मांडा. तिनं मांडून बघितलं, पोरगी वाहक आणि जावई साधा, तर दोन तुरी एकत्र येतच नाहीत. दोघंही वाहक असले तरच येतात, आणि तेव्हा प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण साध्या मुलाची. आई बराच वेळ दाण्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे हे आमच्यातूनच कोनाकडून तरी गेलं." सासरचे तिला आधीच ऐकवत होते, तुह्या माहेरचं रक्त हाय म्हणून.

नवऱ्याला घेऊन या म्हटलं. तो राइस मिलमध्ये हमाली करतो, येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. दोघांची तपासणी झाली, आई एए, म्हणजे दोन्ही जनुकं साधी, बाप एएस. त्याला कळेचना, "मॅडम, मी तं पंधरा वर्सापासून पोते उचलून राह्यलो, मले कधी काई झालं नाई." मी म्हटलं भाऊ, हेच पोरीला सांगा. आता दोष बापावर ढकलायचा नाही हेही तेव्हाच बोलून घेतलं, हे कुणाच्या वागण्यानं होत नाही, लागणही होत नाही, आणि एकाच जातीचं तर अजिबात नाही. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं हे जनुक टिकून राहिलं कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून आपल्या भागात ते आदिवासींत आहे, दलितांत आहे, ओबीसींत आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. या वयाच्या मुलांच्या आरोग्याच्या सर्व्हेत प्रश्न असतो, लग्नाआधी सिकलची तपासणी करावी का, आणि पोरं धडाधड होय वर टिक करतात. त्याच पोरांना एकेकटं बसवून विचारा, तुझा रिपोर्ट सोयरिकीच्या वेळी सांगशील का, की मग गप्प. या मुलीनंही तो फॉर्म भरलेला होता, होय लिहून. म्हणजे माहिती पोचलीय, भीती हलली नाही, आणि ती भीती फॉर्ममध्ये दिसत नाही. लपवून घाईनं लग्न लावलं तर मुलाचा रिपोर्टही कोणी विचारत नाही, आणि मग दोन वाहक एकत्र येतात ते असेच.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही विचारतात, वाहक आहे तर धावू का? धावा, पण पाणी पीत, हळूहळू वाढवत, मे महिन्याच्या भर दुपारी नाही. छातीत किंवा स्नायूंत जास्त दुखलं तर लगेच थांबायचं.

आणि लग्न झाल्यावर कळलं की दोघंही वाहक, तर घर मोडायची गरज नाही. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरला सांगा, गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होते, ती मोठ्या दवाखान्यात करावी लागते म्हणून उशीर नको.

ती मुलगी सध्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. मधे एक स्थळ आलं होतं, बापानंच मुलाच्या घरी सांगितलं की पोरगी वाहक आहे, तुमच्या पोराची तपासणी करून घ्या, ते परत आले नाहीत. आई रडली, पण फी भरली. धाकट्या भावाची तपासणी झालीय, रिपोर्ट त्याच्या एकट्याच्या हातात दिला.