नोकरीचे प्रश्न: पॅकेज वाढलं, हातात किती वाढलं?

प्रश्न: चाकणच्या एका ऑटो-पार्ट कंपनीत मी क्वालिटी इंजिनिअर आहे, अनुभव चार वर्षं. सध्याचा सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 5 लाख 40 हजार, महिन्याला हातात साधारण 40,100 येतात. तळेगावच्या एका कंपनीने 7 लाख 20 हजारांची ऑफर दिली आहे. एचआर म्हणतात, 33 टक्के वाढ आहे, दोन दिवसांत होकार कळवा. आणखी मागावं का? मागितल्यावर ऑफरच काढून घेतली तर?

उत्तर: होकार देण्याआधी पगाराचा ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती पैसे याची यादी, लेखी मागून घ्या. तो मागणं अगदी रीतीचं आहे, कुठलाही एचआर त्याने दुखावत नाही. तुमच्या आकड्याचा ब्रेकअप बहुतेक वेळा असा निघतो.

7 लाख 20 हजारांत 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर 72 हजार बाजूला गेले. उरले 6 लाख 48 हजार, म्हणजे महिन्याला 54,000. बेसिक त्याच्या निम्मं, 27,000. पूर्ण बेसिकवर 12 टक्क्यांनी पीएफ कापत असतील तर कंपनीचा हिस्सा 3,240. तो याच 54,000 मधून जातो. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 1,299. विम्याचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर समजा 500. उरलेल्या 48,961 मधून तुमचा पीएफ 3,240 आणि व्यवसाय कर 200 वजा केला की हातात 45,521. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, एवढाच फरक. नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको.

सध्याच्या ठिकाणी हातात 40,100 येतात त्याअर्थी तिथे व्हेरिएबल नाही आणि पीएफ 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे 1,800 कापला जात असणार. तसं असेल तर सीटीसी महिन्याला 15,000 ने वाढला, पण हातात साडेपाच हजारही वाढले नाहीत. वाढ साडेतेरा टक्के झाली. उरलेल्यातले 6,000 व्हेरिएबलमध्ये आहेत, 2,880 दोन्ही बाजूंच्या जादा पीएफमध्ये, बाकीचे ग्रॅच्युइटी आणि विम्यात. यातला पीएफ तुमचाच आहे, तो गेला असं धरू नका. व्हेरिएबलचं मात्र तसं नाही. गेल्या दोन वर्षांत तो किती टक्के मिळाला, तो तिमाहीला मिळतो की वर्षाअखेरीस, आणि मधेच नोकरी सोडली तर काय, हे तिन्ही प्रश्न विचाराच. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षं सेवा लागते. तीन वर्षांत सोडणार असाल तर तो आकडा कागदावरचाच.

शिवाय बस आणि कँटीन. चाकणला कंपनीची बस आणि सवलतीचं जेवण मिळत असेल आणि तळेगावला नसेल, तर पेट्रोल आणि डब्यात दोन-तीन हजार सहज जातात. मग खरी वाढ उरते तीन हजारांच्या आसपास. यासाठी शिफ्ट, ओळखीची माणसं आणि हातात बसलेलं काम सोडायचं का, हे तुम्ही ठरवा.

आता मागायचं कसं. मेसेजवर नको, फोन करा आणि त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा. एकदाच मागा, सगळं एकत्र मागा. आज पगार, उद्या बोनस, परवा रुजू व्हायची तारीख असं तीनदा फोन करणाऱ्या उमेदवाराविषयी एचआरचं मत बिघडतं, आणि वरच्या साहेबांकडे तुमच्यासाठी शब्द टाकायची त्यांची इच्छाही संपते. असं म्हणा: “काम मला आवडलं आहे, यायची तयारी आहे. ग्राहकाच्या तक्रारी आणि सप्लायर ऑडिट दोन्ही माझ्याकडे येणार आहेत. त्यामुळे 7 लाख 20 हजार फिक्स धरून व्हेरिएबल त्याच्यावर असावा, अशी विनंती आहे. हे झालं तर मी आजच होकार कळवतो.” एवढं बोलून थांबा. समोरची शांतता भरून काढायला स्वतःच “नाहीतर सहा लाख ऐंशी फिक्स चालेल” म्हणालात तर तोच तुमचा आकडा ठरतो. घराचा हप्ता, लग्न, भाडं ही कारणं देऊ नका. एचआरला मंजुरीच्या कागदावर कामाचंच कारण लिहावं लागतं.

अनेकदा मधल्या आकड्यावर जुळतं. फिक्स महिन्याला 3,000 ने वाढला तरी याच हिशोबाने हातात सुमारे 2,570 येतात. फिक्स हलतच नसेल तर जॉइनिंग बोनस मागा, पण तो कंपनीला एकदाच द्यावा लागतो, दरवर्षीच्या वाढीत धरला जात नाही, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो, ही अट बहुतेक पत्रांत असते. तोही नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा. तो पत्रात लिहून मिळाला तरच धरा. पीएफ 1,800 वर ठेवायचा पर्याय काही कंपन्या रुजू होतानाच देतात. त्याने हातातली रक्कम वाढते, पण बचत तेवढीच घटते.

सभ्य शब्दांत एकदा मागितल्याने ऑफर जाणं विरळ. जाते ती होकार देऊन झाल्यावर पुन्हा मागायला गेलं की, किंवा दुसऱ्या ऑफरचा खोटा आकडा सांगून पत्र दाखवायची वेळ आली की.

आणखी एक. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. तुमच्या ब्रेकअपमध्ये बेसिक 30-35 टक्केच दिसत असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी कोणत्या रकमेवर धरली आहे ते आत्ताच विचारून घ्या. पुढे रचना बदलली की हातातली रक्कम कमी होऊ शकते.

प्रश्न: मी मराठी माध्यमातला, मेकॅनिकल डिप्लोमा. भोसरीत मशिन शॉपमध्ये तपासणीचं काम करतो. मुलाखतीत टेक्निकल राउंडलाच अडकतो. इंग्रजीमुळे होत असेल का?

उत्तर: इंग्रजीमुळे थोडं होत असेल. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात समोर बसलेला माणूस पुष्कळदा स्वतः शॉप फ्लोअरवरून वर आलेला असतो. तो तुमचं व्याकरण बघत नाही, तुम्ही स्वतः काय केलं ते शोधतो. “आम्ही रिजेक्शन कमी केलं” म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, “तुम्ही काय केलं?” आणि गाडी तिथेच अडते.

आपल्या कामातले पाच प्रसंग वहीत लिहा: एक ग्राहकाची तक्रार, एक रिजेक्शन, एक मशिन किंवा टूलची अडचण, एक ऑडिट, आणि एक जिथे वरिष्ठांशी मतभेद झाला. प्रत्येकात काय बिघडलं, किती पार्ट अडकले, मी पहिल्या तासात काय केलं, मूळ कारण कसं सापडलं, नंतर काय बदललं, आकडा कुठून कुठे गेला. दीड मिनिटात बसवा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. सुरुवातीचं पाल्हाळ ऐकताच लक्षात येईल.

उदाहरणार्थ 25 एच7 चा बोअर (भोक) मोठा निघतोय. 25 एच7 म्हणजे व्यास 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवा. ‘शंभर टक्के सॉर्टिंग केलं, इन्सर्ट (कापणारं टोक) झिजल्याचं दिसलं, इन्सर्ट 400 ऐवजी 250 पार्टला बदलायचं ठरवलं, सीपीके (माप मर्यादेत किती पक्कं बसतं याचा आकडा) 0.9 वरून 1.4 झाला’ हे उत्तर चांगलं. पण समोरचा लगेच विचारेल, बोअर मोजला कशाने? व्हर्निअर म्हणालात तर संपलं. 0.02 मिमीच्या लीस्ट काउंटने (सगळ्यात लहान मापाने) 21 मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मोजता येत नाही. टॉलरन्सच्या एक-दशांश अचूकतेचं साधन हवं, म्हणजे इथे 2 मायक्रॉनच्या आसपास: 0.001 चा डायल लावलेला बोअर गेज किंवा एअर गेज. मग इन्सर्ट झिजल्यावर बोअर लहान व्हायला हवा, मोठा का झाला, हेही विचारतील. इथे कस लागतो. ऑपरेटरने झीज भरून काढायला ऑफसेट (टूलच्या जागेत दुरुस्ती) दिला आणि नव्या इन्सर्टला तो काढायचा राहिला, हे खरं कारण असेल तर ते सांगता आलं पाहिजे. पाठ केलेला माणूस याच प्रश्नावर गळतो. म्हणून दुसऱ्याचा प्रसंग आपला म्हणून सांगू नका.

सीपीके 1.33 आणि 1.67 कुठे मागतात, एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी) कशासाठी, पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याची यादी) आणि कंट्रोल प्लॅनचा संबंध, 8डी (तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्या) मधली तातडीची आणि कायमची कारवाई, एवढं तयार ठेवा. आणि सध्याच्या ग्राहकाचं ड्रॉइंग मोबाइलवर कधीही दाखवू नका. उद्या हा आमचंही दाखवेल, हे समोरच्याच्या लगेच ध्यानात येतं.

प्रश्न: एचआर पहिल्याच फोनवर सध्याचा पगार आणि अपेक्षा विचारतात. कमी सांगितलं तर नुकसान, जास्त सांगितलं तर पुढे बोलावत नाहीत.

उत्तर: सध्याचा पगार खरा सांगा. तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म 16, कधी बँकेचं स्टेटमेंटही मागतात. फुगवलेला आकडा सापडला तर रुजू झाल्यावरही काढतात. मात्र सांगताना फिक्स आणि व्हेरिएबल वेगळे सांगा, आणि येत्या दोन-तीन महिन्यांत वाढ होणार असेल तर तेही. अपेक्षेबद्दल आधी विचारा, “या पदासाठी तुमची रेंज काय आहे?” बरेच जण सांगतात. नाही सांगितली तर फिक्समध्ये एक पट्टा द्या आणि त्याचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालेल असंच ठेवा, कारण ऑफर तिथूनच सुरू होते.

प्रश्न: नोटीस पिरियड 90 दिवसांचा, नव्या कंपनीला 30 दिवसांत हवा आहे.

उत्तर: सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. नेमणूकपत्रात नोटिशीऐवजी पैसे भरण्याची सोय आहे का, आणि ते बेसिकवर मोजतात की पूर्ण पगारावर, ते वाचा. फरक दुपटीचा पडतो. ती रक्कम नवी कंपनी देईल का, हे पगाराच्या बोलण्यातच काढा, नंतर नाही. सुट्ट्या नोटिशीत धरतात का, तेही विचारा. न सांगता निघून जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पीएफच्या यूएएन या कायम क्रमांकावर जुन्या नोकऱ्या दिसतात आणि रिलीव्हिंग लेटरशिवाय पडताळणी अडते.

प्रश्न: नाशिकला अकाउंट्समध्ये सहा वर्षं होते, मुलासाठी अडीच वर्षं घरी. “गॅप आहे” म्हणून जुन्या पगारापेक्षा कमी देऊ करतात.

उत्तर: गॅपचं कारण एका वाक्यात सांगा आणि लगेच कामावर या. या काळात बरंच बदललं: 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर नव्याने लागले, 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला. हे वाचून जा, म्हणजे ‘मागे पडल्या असतील’ हा मुद्दाच उरत नाही. जीएसटीआर-2बी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारं विवरण) आणि खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये जुळवायला बसवतील, त्याचा घरी सराव करा. तरीही कमीच देत असतील तर जुना पगार हाच तळ धरा आणि चार महिन्यांनी आढावा पत्रात लिहून मागा. आढाव्यात काय पाहणार, हेही त्यातच नमूद करून घ्या: रिटर्न वेळेत भरणं, महिन्याचं क्लोजिंग ठरल्या तारखेला होणं.