इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेल, बजेट ८० हजार: गेमिंग लॅपटॉप घेताना काय बघू?

आधी ग्राफिक्स कार्डाचे वॉट बघ, नाव नंतर. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॉटच्या मशीनवरही असतं आणि ११५ वॉटच्याही. स्टिकर तोच, गेममध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत 'टीजीपी' शोध, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॉट मिळतात तो आकडा. ९० वॉटच्या खाली असेल तर मी तरी घेणार नाही. सेलमध्ये ४०६० बजेटात बसला तर उत्तमच, त्यात ६ ऐवजी ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, मिळते.

रॅम १६ जीबी हवी, तीही ८-८ च्या दोन स्टिक. मी एकाच ८ च्या स्टिकवर वर्ष काढलं. गेममध्ये वळण घेतलं की चित्र अर्धा सेकंद अडकायचं. दुसरी स्टिक बसवली आणि तोच लॅपटॉप सुरळीत चालायला लागला. त्यामुळे रिकामा स्लॉट आहे का, एवढं विचारच.

स्क्रीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचं माप) लिहिलेलं दिसलं, तर रंग फिके दिसणार हे धरून चाल.

बॅटरीचं म्हणशील तर चार्जरशिवाय गेम खेळायचं विसर, वेग बराच पडतो. म्हणजे कॉलेजला लॅपटॉपचे सव्वादोन-अडीच किलो आणि वर ती चार्जरची वीट, दोन्ही पाठीवर. हो, आणि हॉस्टेलच्या गादीवर ठेवून खेळू नकोस. खालून हवा आत जायची वाटच बंद होते, मग पंखे असे ओरडतात की रूममेट उशी फेकून मारतो.