दोन सेलची जुनी बॅटरी (टॉर्च) एलईडी आणि चार्जेबल सेलवर चालेल का?

चालेल, पण बल्ब बघून घ्या. चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे दोन मिळून 2.4, पांढऱ्या एलईडीला साधारण 3 लागतात. नुसता एलईडी जोडलात तर मिणमिणेल. पीआर-2 म्हणजे दोन सेलच्या टॉर्चच्या जुन्या बल्बच्याच बुडाचा, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेला '2 सेल'चा एलईडी बल्ब घ्या. सेलचं धन टोक बल्बाकडेच हवं. जुना बल्ब उलट्या सेलवरही पेटायचा, हा नाही पेटणार. जाड सेलच्या जागी प्लास्टिक अडॅप्टरमध्ये पेन्सिल सेल बसतात. 3.7 व्होल्टचे दोन लिथियम सेल मात्र घालू नका, बल्ब जळेल.

खरी डोकेदुखी आपली किनाऱ्यावरची खारी हवा. तळाच्या स्प्रिंगवर, पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो नि उजेड लुकलुकतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, झाकणाच्या आट्यांना थोडं व्हॅसलीन लावा.