सरकारी शाळेचं आवार सुधारणाऱ्या स्वयंसेवी मंडळावर या म्हणतायत, तिथे नेमकं काय काम असतं? मला त्यातलं काही कळत नाही, तरी जावं का?

जा, पण हो म्हणायच्या आधी त्यांना एक विचारा. आत्तापर्यंत तुम्ही शाळेत जे जे बसवलंत ते आज कोण सांभाळतंय, आणि ते कुठे लिहिलेलं आहे का? मी अशाच एका मंडळावर बरीच वर्षं आहे, पगार नाही मानधन नाही, आणि माझं ठाम मत झालंय की मंडळ चांगलं की नुसतं हौशी हे या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कळतं.

कारण असं की नवीन घसरगुंडी, नवीन झोपाळे, नवीन बाक यांना पैसे मिळतात, देणाऱ्याला त्यावर नाव लागलेलं बघायचं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच घसरगुंडीखालचा लाकडाचा भुसा, म्हणजे पडलं तर लागू नये म्हणून टाकलेले लाकडाचे बारीक तुकडे, दर वर्षी दबतो, मुलांच्या पायांनी बाजूला सरकतो, पावसाने वाहून जातो, आणि तो परत भरायला कोणी पैसे देत नाही. आता हे किरकोळ वाटतं पण खेळाच्या जागी मुलांना होणाऱ्या दुखापतींमध्ये सगळ्यात मोठं कारण पडणं हेच असतं, म्हणजे वरचं उपकरण कितीही भारी असू दे, खालची जमीन कशी आहे ते जास्त महत्त्वाचं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांवर एक पुस्तिका आहे, त्यात भुसा किंवा वाळू टाकणार असाल तर थर दबल्यावरही ९ इंच राहिला पाहिजे असं सांगितलंय, उपकरणाच्या चारी बाजूंना कमीत कमी ६ फूट मोकळी जागा हवी, आणि साडेतीन इंच ते ९ इंच या मधली फट कठड्यात, शिडीत कुठेच नको कारण तिच्यातून लहान मुलाचं अंग जातं पण डोकं अडकतं. आणि नुसतं गवत किंवा माती असेल तर ती सुरक्षित धरतच नाहीत, कारण वापराने ती घट्ट होत जाते. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील ते बघून घ्या, पण टेप घेऊन हे मोजायला कोणी इंजिनिअर लागत नाही. आम्ही देणगी घेतानाच सांगतो की यातला ठरलेला हिस्सा देखभालीसाठी बाजूला राहणार, आणि आजवर कोणी त्यावरून देणगी परत घेतली नाही.

दुसरं म्हणजे जमीन मंडळाची नसते. शाळेची, नाहीतर शिक्षण खात्याची, नाहीतर स्थानिक संस्थेची असते, आणि हे विसरून उत्साहात खड्डे खणायला सुरुवात झाली की भांडणं ठरलेली. खाली पाण्याची लाइन आहे, केबल आहे, ड्रेनेज आहे, त्याचा नकाशा आधी मागा. परवानगी लेखी घ्या आणि ती मुख्याध्यापकांच्या नावावर नको, पदाच्या नावावर हवी, कारण मुख्याध्यापक बदलतात आणि नवीन आलेल्या माणसाला आधीच्या तोंडी बोलण्याशी काही देणंघेणं नसतं. बसवल्यावर वस्तू कोणाच्या मालकीची, मोडली तर कोण काढणार, कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची, विम्यात ती धरलीय का, हे सगळं त्या एकाच कागदावर येऊ द्या. मोठी कामं मालकाला बरोबर घेतल्याशिवाय होतच नाहीत. बॉस्टनमध्ये १९९५ ते २०१३ या काळात ऐंशीहून जास्त सरकारी शाळांची आवारं नवी झाली, त्यात खासगी देणगीदार आणि महापालिका दोघांनी मिळून पैसा घातला होता.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं काम, जे मी नवीन सदस्याला आधी करायला लावतो. मधल्या सुट्टीत शाळेची परवानगी घेऊन एका कडेला उभं राहायचं आणि फक्त बघायचं. मधली सगळी जागा चेंडू खेळणारी मोठी मुलं घेतात, बाकीची भिंतीला चिकटून, पायऱ्यांवर, पाण्याच्या नळाजवळ उभी असतात, आणि ती नुसती उभीच असतात हो, त्यांना करायला काही नसतं. सावली कुठे पडते, पाणी कुठे साचतं, व्हीलचेअरवरचं मूल कुठपर्यंत येऊन थांबतं (सैल वाळूत चाकं रुततात, म्हणून पक्की वाट थेट खेळापर्यंत न्यावी लागते) हे सगळं त्या वेळात दिसतं आणि मीटिंगमध्ये कधीच दिसत नाही. मग मुलांनाच विचारायचं. पॅरिसमध्ये २०१८ च्या सुमारास शाळांची डांबरी आवारं उकरून पाणी मुरणारी जमीन, झाडं, सावली करायचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात आराखडा करताना मुलांना सामील करून घेतात आणि काही आवारं सुट्टीच्या दिवशी आसपासच्या लोकांनाही उघडी असतात. पैसे कमी असतील तर डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं एमड्रप नावाच्या भागातलं खेळाचं मैदान आठवा, १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, तिथे मुलांना फळ्या, विटा, जुनं सामान देऊन स्वतः रचायला मोकळं सोडलं होतं. कॅटलॉगमधून महागडं उपकरण निवडणं सोपं पडतं पण चार ओंडके, मातीचा उंचवटा आणि एक दाट सावलीचं झाड यावर मुलं जास्त वेळ टिकतात हे मी स्वतः बघितलंय.

झाडांवरून आठवलं, लावण्याचा कार्यक्रम कोणीही करतं. पहिली दोन तीन वर्षं पाणी लागतं आणि नेमकी मोठ्या सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा खड्डा खणायच्या आधी सुट्टीतल्या पाण्याची आठवड्यानुसार नावं लिहून घ्या, नावं भरत नसतील तर झाडं कमी लावा. आणि आवार झाडणारे, गवत कापणारे जे कर्मचारी असतात त्यांना मीटिंगला बोलवा, कृपा करून बोलवा. आमच्याकडे दोन बाकांमधलं अंतर त्यांनीच ठरवलं, कारण गवताचं मशीन मधून जायला हवं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

मंडळाच्या आतलं थोडक्यात सांगतो. हिशोब दर मीटिंगला समोर यायला हवा, चेकवर दोन सह्या हव्यात, आणि कोणाच्या मेव्हण्याने कोटेशन दिलं असेल तर त्या सदस्याने ते आधी सांगून त्या विषयापुरतं बाहेर बसायचं. असं सांगितल्यावर कोणी चिडत असेल तर तिथेच विचार करा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, काही कळत नाही तर उपयोग काय. माहिती असलेली माणसं एकेका कामापुरती मिळतात, आराखड्याला आर्किटेक्ट येतो, झाडांना कोणीतरी जाणकार येतो. कमी पडतं ते महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी येऊन झोपाळ्याच्या साखळ्या, नटबोल्ट, भुशाची खोली बघून वहीत तारीख घालून लिहिणारं माणूस, आणि काही सैल दिसलं तर त्याच दिवशी शाळेला कळवून ते बंद करवून घेणारं. पहिल्या मीटिंगला ती वही मागा, आणि नसेल तर हे काम मी घेतो किंवा घेते असं सांगून टाका.