तपासणी, चाचणी आणि चिकित्सा

प्रश्न: ‘वैद्यकीय चाचण्या रुग्णालयांच्या नेहमीच्या उपचारांतच सामावून घ्याव्यात’ असं वाचलं. म्हणजे रक्त-लघवीच्या तपासण्या आणखी वाढवायच्या का? आणि ‘क्लिनिकल ट्रायल’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर: नाही, रक्ततपासणीशी याचा काही संबंध नाही. गोंधळ तुमचा नाही, तो लिहिणाऱ्यांनी केलेला आहे. आरोपीला ससूनला नेतात तीही ‘वैद्यकीय चाचणी’, आणि नवं औषध शेकडो रुग्णांना देऊन पाहतात तीही ‘वैद्यकीय चाचणी’! २०२० साली एकाच पानावर ‘करोना चाचणी’ म्हणजे नाकात घातलेली काडी आणि ‘लशीची चाचणी’ म्हणजे हजारो स्वयंसेवकांवरचा अभ्यास, असं आपण महिनोन्‌महिने वाचलं. पहिलीला ‘तपासणी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द असताना ही कंजुषी कशासाठी? हिंदीतून येणारं ‘नैदानिक परीक्षण’ तर मुळीच नको. निदान म्हणजे रोग ओळखणं. इथे रोग ओळखून झालेला असतो, प्रश्न उपायाचा असतो.

पण खरी गंमत ‘चिकित्सा’ या शब्दात आहे, आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

मराठीत चिकित्सा म्हणजे उपचार. आणि चिकित्सा म्हणजेच कसून छाननीही. ‘फार चिकित्सा करू नकोस, पानात पडलंय ते खा’ म्हणणारी आई औषधोपचाराबद्दल बोलत नसते. कापडाच्या दुकानात चिकित्सक गिऱ्हाईक येतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून महाभारताची सिद्ध केली ती चिकित्सक आवृत्ती. एकाच शब्दात बरं करणं आणि तपासून पाहणं शेजारी शेजारी कसं आलं?

पाणिनीचं सूत्र आहे ‘गुप्‌तिज्‌किद्‌भ्यः सन्’ (३.१.५). जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा ही तिन्ही रूपं त्यातली. हा ‘सन्’ प्रत्यय एरवी इच्छा दाखवतो: ज्ञा-पासून जिज्ञासा, पा-पासून पिपासा. परंपरागत वैयाकरण मात्र सांगतात की या तीन धातूंपुरती इच्छा धरायची नाही. कित् म्हणजे रोग दूर करणं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या अर्थासहित यादीत, कित् ‘निवासे रोगापनयने च’ असा दिला आहे. राहणं आणि रोग घालवणं! तयार शब्दाचा अर्थ धातूच्या माथी मारला आहे, हे उघड दिसतं. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्सने चिकित्सा हे रूप चित् या धातूखाली घातलं, तेच बरोबर आहे. चित् म्हणजे लक्ष देणं, जाणणं. तेव्हा चिकित्सा म्हणजे जाणून घेण्याची ओढ. आधी रुग्णाकडे नीट पाहायचं, समजून घ्यायचं. उपचाराचा अर्थ त्यातून आला. आणि याच घराण्यातला ‘विचिकित्सा’ हा शब्द पाहा. त्याचा अर्थ संशय. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो, ‘येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये’: मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, हा जो संशय आहे तो फेड.

तुम्ही वाचलेल्या वाक्यामागची कल्पना नेमकी हीच आहे. दोन उपायांपैकी कोणता सरस, हे डॉक्टरांना खरोखरच माहीत नसतं. ही झाली विचिकित्सा. अशा वेळी वेगळं संशोधन केंद्र न उभारता, वॉर्डात भरती झालेल्या रुग्णालाच विचारून, त्याच्या संमतीने, संगणकाने सोडत काढावी तसा एक उपाय ठरवायचा. बाकी उपचार नेहमीचेच.

ब्रिटनमधल्या, करोनाच्या उपचारांसाठीच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत असंच केलं. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची पावणेदोनशे रुग्णालयं तिच्यात उतरली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी एक छोटा ऑनलाइन अर्ज भरायचा, पुढची बरीचशी माहिती सरकारी नोंदींतून मिळवायची. त्यातला एक उपाय डेक्सामेथासोन, गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळणारं जुनं, स्वस्त स्टेरॉइड: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. १६ जूनला निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्के होते, ते औषधाने २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. हा फरक एकेकट्या डॉक्टरच्या अनुभवातून कधीच कळला नसता.

आपल्याकडेही हे झालं आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांत ४६४ करोना रुग्णांवर प्लाझ्माची, म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चिकित्सा केली (शब्द जाणूनबुजून वापरतो आहे) आणि प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत, असं ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’ असे निरोप प्रत्येकाच्या फोनवर येतच होते. अधिकृत उपचारसूचीतून तो वगळला गेला मे महिन्यात. निष्कर्ष हाती असताना माणसं रात्री-अपरात्री रक्तदाते शोधत फिरली, याचा मला आजही संताप येतो.

‘प्रयोग’ हा शब्द या कामाला काहीजण सुचवतात. ‘माझ्या वडिलांवर प्रयोग केले’ या तक्रारीतून तो सुटणार नाही. शिवाय संमती न घेता, नोंद न ठेवता, अंदाजाने औषधं बदलत राहणं यालाच तो जास्त शोभतो. तेव्हा रक्त, थुंकी, एक्स-रे यांना तपासणी म्हणा. क्लिनिकल ट्रायलला ‘उपचारचाचणी’ म्हणा, लस असेल तर ‘लसचाचणी’. तुम्ही वाचलेलं वाक्य मग असं होईल: ‘उपचारचाचण्या रुग्णालयांच्या रोजच्या कामातच घ्याव्यात.’