कितवी चालू आहे तुमची?

"मॅडम, बाकीचे पेशंट बघून ती अजून खचेल, वेगळी रूमच घेऊ का?" केमो सुरू होणाऱ्यांच्या घरचे हे मला, समुपदेशकाला, इतक्यांदा विचारतात की आता त्यांचं पुढचं वाक्यही पाठ झालंय, "दुसऱ्यांचं ऐकून डोक्यात काहीबाही येतं हो." म्हणून एका काकूंचं सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

काकू ५४ वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं. दर २१ दिवसांनी एक अशा चार केमो, मग औषध बदलून दर आठवड्याला एक अशा बारा. पहिली काकांनी हट्टाने वेगळ्या रूममध्ये घ्यायला लावली. एसी, टीव्ही सगळं होतं आणि काकू भिंतीकडे बघत पडलेल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा स्कार्फ छान बांधलेला, चेहरा हसरा. मी विचारलं, "दमत नाही का हो हसून?" तर एकदम रडायलाच लागल्या. "माझं तोंड बघून घरातले ठरवतात आज घाबरायचं की नाही. मग मी पेशंट कधी व्हायचं?"

मी आरईबीटीवाली (विचार तपासून भावना बदलायची समुपदेशनाची पद्धत), म्हणजे माणूस स्वतःला काय बजावतो ते आधी ऐकते. काकूंचा 'च' लगेच सापडला, मला खंबीर राहायलाच पाहिजे. तो काढायला तीन सेशन घातले, वाद घातला, वहीत लिहून घेतलं, फारसं काही हललं नाही. शेवटी म्हटलं पुढची केमो डे-केअरच्या हॉलमध्ये घ्या, सगळ्यांबरोबर. (काकांशी त्यावरून चांगलंच वाजलं माझं.)

पहिल्या वेळी लाल औषधानंतर लघवी लाल झाली तेव्हा काकू रात्रभर जाग्या होत्या, रक्त जातंय समजून, आणि कुणाला बोलल्या नाहीत. हॉलमध्ये शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो कोकम सरबत ते! औषधाचा रंग, एक-दोन दिवसात जातो." समोरच्या खुर्चीत एक रिक्षावाले दादा होते, त्यांनी विचारलं, "काकू, कितवी?" "दुसरी." "मी चौथीत. यंदा स्कॉलरशिपला बसतोय."

काकू इतक्या हसल्या की नर्स सलाईन बघायला धावली.

मला हे सांगताना परत हसल्या आणि मग म्हणाल्या, "हाच जोक आमच्या जाऊबाईंनी केला असता ना, तर मी उठून गेले असते." इथे मी गप्प बसले, आणि असं गप्प बसायला मला बरीच वर्षं लागलीत. धडधाकट माणूस हसवायला लागला की पेशंटला वाटतं आता हसायलाच पाहिजे, परत तो च आलाच. स्वतःच्या हाताला सुई असलेला माणूस बोलला की तसं काही उरत नाही, त्याच्यासमोर हसा, रडा नाहीतर उलटी करा. माझ्या तीन सेशनचं काम त्या दादांनी एका वाक्यात केलं, पण हॉलमध्ये पाठवलं मी, तेवढं श्रेय घेते!

सोबतीने आयुष्य वाढतं का, हेही विचारतात. १९८९ च्या एका अमेरिकन अभ्यासात तसं दिसलं होतं, २००१ च्या मोठ्या अभ्यासात नाही दिसलं, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या होत्या. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

मात्र ढकलू नका कुणाला, ज्याला पडदा ओढून झोपायचंय त्याला झोपू दे. दुसऱ्याचे रिपोर्ट आपल्याला लावून बघायचे नाहीत, कॅन्सर वेगळा, औषध वेगळं. सर्दी-खोकला असेल तर आधी फोन करून विचारा, हॉलमध्ये कुणाच्याही पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. आणि ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला की गप्पा नाहीत, सरळ हॉस्पिटल.

दादा सातवीनंतर आले नाहीत. काका मला म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." काकू दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी कोकमवाल्या बाईंना फोन करून तासभर रडल्या. खोटं हसत बसल्या नाहीत, ते बघून मी निश्चिंत झाले.

बारावीचे पेढे हॉलमध्येच वाटले. काका तेव्हा बाहेर बाकावर होते, सोबत येणाऱ्या नवरेमंडळींचा तिथे चहाचा वेगळा ग्रुप झालाय, काकूंना त्यात घेत नाहीत.